इंजिन बंद पडलं, विझलं की अडलं?

पाऊणआटा
भाच्याच्या रिमोटवरच्या नायट्रो गाडीसाठी (मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या इंधनावर चालणारी खेळातली गाडी) पानभर टिपण मराठीत लिहायला घेतलंय. इंजिन साडेतीन सीसीचं आणि कोरं करकरीत, पण पठ्ठ्या इंग्रजी माहितीपुस्तिका उघडायला तयार नाही. पहिल्याच ओळीला अडलोय. इंग्रजीत एकच शब्द, स्टॉल. मी सगळीकडे 'बंद पडणे' लिहिलं. ते वाचून भाचा म्हणतो, "मामा, यातलं कुठलं बंद? ब्रेक मारल्यावर पडतं ते, थ्रॉटल दाबल्या दाबल्या घुसमटून पडतं ते, की सुसाट जाताना मध्येच आवाज गुल होतो ते?"

मुद्दा रास्त आहे, कारण तिन्हींचं दुखणं निराळं. ब्रेकवर जातं तेव्हा बहुधा आयडल (थ्रॉटल सोडल्यावर इंजिन नुसतं चालू राहतं तो वेग) फार खाली असतं, नाहीतर क्लच नीट सुटत नसतो. घुसमटतं तेव्हा खालची सुई बघायची (सुई म्हणजे कार्बोरेटरवरचा इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू; खालची कमी वेगासाठी, वरची सुसाट वेगासाठी). सुसाट असताना जातं तेव्हा वरची सुई, किंवा टाकीचं झाकण, किंवा सायलेन्सरकडून टाकीला दाब देणारी नळी कुठेतरी फुसफुसत असते. या तिघांना पोटात घेईल, पण कुणी बटण दाबून बंद केल्यासारखं वाटणार नाही, असा मराठी शब्द आहे का? 'इंजिन स्टॉल झालं' माझ्याच्याने लिहवत नाही. स्टॉल म्हटलं की टेबल आणि त्यावर मांडलेला माल दिसतो.

अनुस्वार
अडणे! तुम्हीच लिहिलंत की, 'पहिल्याच ओळीला अडलोय'. काम अडतं, पाणी अडतं, घोडं अडतं. ज्या भाषेत अडेलतट्टू आहे तिने इंजिनासाठी शब्द उसना का घ्यावा? गंमत म्हणजे इंग्रजी स्टॉलही मुळात तबेल्यातलाच, जनावर उभं करायची जागा. तो आणि आपलं 'स्थळ' एकाच घराण्यातले असावेत असा माझा जुना संशय आहे.

ऱ्हस्वदीर्घ
घराण्याचं राहू द्या. आवाज जुळला की सोयरीक जमवायची, हा खेळ इथे फार चालतो. अर्थ बघा. अडलेलं घोडं चांगलं जिवंत असतं, मनात आलं की चालायला लागतं. वाळूत चाक रुतलं आणि इंजिन मात्र गुरगुरतंय, त्याला अडणं म्हणतात. इथे इंजिनच गेलंय.

निळाधूर
नायट्रो चालवणाऱ्या आमच्या टोळक्यात गाडी 'विझते'. 'विझली रे, उचलून आण' असंच ओरडतो आम्ही. आणि ही उपमा नाही, शब्दशः तसंच होतं. या इंजिनात ठिणगी नसतेच. ग्लो प्लगमधली प्लॅटिनमची बारीक तार सुरू करताना दीड व्होल्टच्या बॅटरीने लाल करायची आणि मग बॅटरी काढून घ्यायची. पुढे मिथेनॉल आणि प्लॅटिनम यांच्यातल्या प्रक्रियेवर आणि जळणाच्या उष्णतेवर ती स्वतःच लाल राहते. तार निवली की खेळ संपला. बॅटरी काढल्याबरोबर इंजिन गेलं तर आधी प्लग बदलून बघावा. तरीही जात असेल तर खालची सुई जास्त उघडी असते.

अनुस्वार
मग ग्लो प्लगला धगप्लग म्हणा. धग अस्सल आहे.

निळाधूर
म्हणतो. कुणी मला वेडा म्हणेपर्यंत म्हणतो.

ऱ्हस्वदीर्घ
'प्लग' तसाच ठेवून त्याच्यामागे धग चिकटवणं म्हणजे शुद्धीकरण अर्ध्यात सोडून जेवायला उठणं. एक तर सगळं करा, नाहीतर हातच लावू नका.

जुनाफिटर
स्टॉलचं नंतर बघू. टिपणात लीन (मिश्रणात इंधन कमी) आणि रिचला (इंधन जास्त) काय लिहिलंय ते आधी सांगा.

पाऊणआटा
पातळ आणि दाट. 'मिश्रण लीन झालं' लिहिलं तर ते हात जोडून, डोळे मिटून बसल्यासारखं वाटतं.

जुनाफिटर
तर ते टिपण आजच फाडा. मी हेच एकदा केलंय. नवशिक्या एका पोराला लिहून दिलं, 'मिश्रण पातळ झाल्यास वरची सुई थोडी सैल करावी.' आता मराठी माणसाला पातळ म्हणजे काय कळतं? पातळ पदार्थात द्रव जास्त असतो. त्याने हिशेब केला, पातळ म्हणजे इंधन जास्त झालंय, सुई सैल केली तर आणखी येईल, म्हणजे काकांनी उलटं लिहिलंय. आणि शहाणपणाने सुई आवळली! पाव आटा, मग अजून पाव.

गाडी दोन फेऱ्या अशी पळाली की तो खूश. मागचा धूर दिसेनासा झाला. हेच वाईट लक्षण, पण त्याला वाटलं इंजिन स्वच्छ झालं. तिसऱ्या फेरीत आवाज किंचाळीला गेला आणि तुटला. मी पोचलो, हेडवर पाण्याचा थेंब टाकला, तर तो टेकायच्या आत चर्र करून उडाला. गार झाल्यावर फ्लायव्हील बोटाने फिरवून पाहिलं. चांगल्या इंजिनाची पितळी स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी, वरच्या टोकाला किंचित निमुळती असते, त्यामुळे गार असताना पिस्टन तिथे अडतो, बोटाला कळतं. याचा पिस्टन लोण्यातून सुरी जावी तसा गेला. पकडच राहिली नव्हती. माझ्या एका शब्दाने पिस्टन आणि स्लीव्ह दोन्ही खाल्ली.

तेव्हा 'अडणे'वाल्यांनी हेही ध्यानात घ्यावं. चांगलं इंजिन वर अडतं. अडायचं थांबलं की समजावं, संपलं.

अनुस्वार
अडण्याचा हा नियम सगळीकडे लागू नाही. पातळच्या जागी विरळ म्हणा. विरळ आणि सघन.

कानामात्रा
विरळ केसांचं असतं. मी तर 'उपाशी' म्हणेन. इंजिन उपाशी चाललंय, इंजिन तुडुंब झालंय. शेंबड्या पोरालाही कळेल.

जुनाफिटर
उपाशीपेक्षा 'कोरडं' बरं. या इंजिनात वंगणाची वेगळी सोय नसते, तेल इंधनातच मिसळलेलं येतं. इंधन घटलं की त्याबरोबर वंगणही घटतं. म्हणजे ते भुकेलं तर असतंच, वर कोरडं घासतही असतं. एका शब्दात दोन्ही येतं.

ऱ्हस्वदीर्घ
कोरडं वाचून मी टाकी रिकामी समजलो असतो. आणि त्याच्या उलट 'ओलं' म्हणणार का? क्रँककेस इंधनाने भरून इंजिन फिरेनासं होतं त्याला आधीच ओलं म्हणतात. नेमकेपणा हवा असेल तर अल्पेंधन मिश्रण आणि बह्विंधन मिश्रण.

निळाधूर
बह्विंधन म्हणेपर्यंत इंजिन गार झालेलं असतं.

ऱ्हस्वदीर्घ
थट्टा करा, पण पातळचा गोंधळ यात होणार नाही.

अडीचदांडी
मुळात जास्त-कमी कशाच्या मानाने, तेही बघा. पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, मिथेनॉलला ६.४ पट आणि नायट्रोमिथेनला जेमतेम १.७ पट. म्हणजे पेट्रोल इंजिनावर हात बसलेल्याला नायट्रोचं अगदी नेमकं मिश्रणही बह्विंधनच दिसणार. त्यात थंडी पडली की हवा घन होते आणि काल नीट असलेली सुई आज कमी पडते. मिश्रण बदललं, पण सुईला कुणी हातही लावला नाही. शब्द कितीही नेमका घ्या, इंजिन कालचं राहत नाही.

कानामात्रा
कुणी मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश उघडून बघितला का?

अडीचदांडी
१८५७ च्या कोशात कार्बोरेटरची सुई शोधताय?

कानामात्रा
कार्बोरेटर नाही हो, 'विझणे' आणि 'निमणे'. निमणे मला जास्त आवडतो. दिवा निमाला.

निळाधूर
निमणे शांतपणे होतं. हे तसं जात नाही. चिमटीची परीक्षा केलीय कधी? इंजिन तापलेलं, आयडलवर चालू. कार्बोरेटरला लागून असलेली सिलिकॉनची नळी दोन बोटांत दाबून धरायची आणि कान द्यायचा. दोन-तीन सेकंद काहीच होत नाही. मग आवाज किंचित वर चढतो आणि विझतो. असं झालं तर खालची सुई जागेवर आहे. दाबताक्षणी गेलं तर कोरडं (घ्या, मीही म्हणायला लागलो). बराच वेळ चालत राहिलं आणि मग आवाज खूप चढून गेलं तर तुडुंब. जाण्याआधीची ती चढण ऐकली की विझता दिवा मोठा होतो ते आठवतंच. म्हणून विझणे.

पाऊणआटा
हे पटलं, पण ब्रेक मारल्यावर क्लचने गळा दाबून इंजिन थांबवलं, त्याला विझलं कसं म्हणू? तिथे धग होती, चाकांनी फिरूच दिलं नाही.

अनुस्वार
म्हणजेच अडलं!

ऱ्हस्वदीर्घ
आलात परत तिथेच.

कानामात्रा
आयडलला काय लिहिलंय? 'धुगधुगी' सुचवते. नुसतं जिवंत राहण्यापुरतं चालणं.

जुनाफिटर
धुगधुगी म्हटलं की घरातले सगळे खाटेभोवती जमलेले दिसतात. आयडल निरोगी असतं हो.

पाऊणआटा
सध्याची हालत सांगतो. पातळ-दाट खोडून सरळ 'इंधन कमी, हवा जास्त' आणि 'इंधन जास्त, हवा कमी' लिहिलं. लांब झालं, पण भाच्याने वाचून सुई बरोबर बाजूला फिरवली. स्टॉलच्या जागी कंस करून तो रिकामा ठेवलाय. भाच्याने त्यात पेन्सिलीने 'गेली' असं लिहिलंय.

अडीचदांडी
गेली! पुल्लिंग नाही, नपुंसकलिंग नाही. म्हणजे त्याच्या मते इंजिन जात नाही, गाडी जाते. हा वेगळाच धागा होईल.

कानामात्रा
विषय निघालाच आहे तर, स्क्रूचा 'आटा' हा 'आटणे'वरून आला का? आवळला की इंधन आटतं, म्हणून?

ऱ्हस्वदीर्घ
आटे ढिले झालेत कुणाचे तरी.