हेगचं वॉरंट कुणाला लागू पडतं?

खडूस_काका
१७ मार्च २०२३ला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं पुतिन यांच्या नावे अटकेचं वॉरंट काढलं. आरोप, युक्रेनच्या व्यापलेल्या भागातली मुलं बेकायदा रशियात नेल्याचा. सप्टेंबर २०२४मध्ये पुतिन मंगोलियाला गेले. मंगोलिया या न्यायालयाचा सदस्य, म्हणजे अटक करणं त्याला बंधनकारक. केलं काय? मानवंदना दिली! इस्रायलच्या नेतन्याहूंचं वॉरंट नोव्हेंबर २०२४चं. एप्रिल २०२५ला ते हंगेरीत उतरले, तर हंगेरीनं न्यायालयातूनच बाहेर पडायचं जाहीर केलं. स्वतःचे पोलीस नसलेलं कोर्ट कुणाला धरणार? हरलेल्याला. ज्यांना पटत नसेल त्यांनी उदाहरण द्या, तत्त्वं नकोत.

रानवारा
घ्या उदाहरण. सर्बियाचा नेता मिलोसेविच. हेगच्याच दुसऱ्या, युगोस्लाव्हियासाठी नेमलेल्या न्यायालयाचं आरोपपत्र त्याच्यावर निघालं मे १९९९ला, तेव्हा तो सत्तेवर होता. ऑक्टोबर २०००मध्ये सत्ता गेली आणि २८ जून २००१ला त्याच्याच देशाच्या सरकारनं त्याला हेगला पाठवलं. दुसऱ्याच दिवशी ब्रसेल्सला मदत देणाऱ्या देशांची बैठक होती. सर्बियाला पैसा हवा होता, हे उघड आहे. पण आधीचं आरोपपत्र नसतं तर सौदा कशावर झाला असता?

खडूस_काका
म्हणजे माझंच म्हणणं झालं की. सत्ता गेली, म्हणून सापडला. वर निकाल लागायच्या आतच २००६ला कोठडीत मेला.

रानवारा
निकालच हवा तर लायबेरियाचा चार्ल्स टेलर. सिएरा लिओनसाठी नेमलेल्या वेगळ्या न्यायालयाचं आरोपपत्र जाहीर झालं २००३ला, राष्ट्राध्यक्ष असताना. नायजेरियानं आसरा दिला, २००६ला तो आसराही गेला, २०१२ला ५० वर्षांची शिक्षा. सत्तेवर असताना कुणी हात लावत नाही, मान्य. पण ही वॉरंटं शिळी होत नाहीत. आणि ऑगस्ट २०२३ला जोहान्सबर्गच्या ब्रिक्स परिषदेला (दक्षिण आफ्रिकाही या न्यायालयाचा सदस्य) पुतिन स्वतः का गेले नाहीत? व्हिडिओवर बोलायची हौस म्हणून?

तिरकी_रेघ
टेलर आफ्रिकेचा, सुदानचा माजी राष्ट्राध्यक्ष बशीरही आफ्रिकेचा (आणि तो अजून हेगला पोचलेला नाहीच). २००३ला इराकवर चढाई करणाऱ्यांना साधी नोटीस गेली का? उलट अमेरिकेनं २००२लाच कायदा केला, की आपला माणूस हेगमध्ये अडकला तर राष्ट्राध्यक्षांनी वाटेल तो उपाय करून सोडवावा. २०२५मध्ये त्या कोर्टाच्या न्यायाधीशांवरच निर्बंध लादले. हे दुखणं जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात न्यायाधीश असलेल्या आपल्या राधाबिनोद पालांनी १९४८ला सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवलं, ते जेत्यांनी मांडलेला न्याय मान्य नव्हता म्हणून.

रानवारा
पालांचं नाव घेताय तर पुरतं घ्या. जपानी सैन्यानं अत्याचार केले हे त्यांनी नाकारलं नव्हतं. अमेरिका सुटली म्हणून रशियालाही सोडा, हा कुठला न्याय?

तिरकी_रेघ
सोडा म्हणालो नाही. एकाच तराजूत तोला म्हणतोय. सुरक्षा परिषद प्रकरणं हेगकडे पाठवू शकते, पण तिथं नकाराधिकार असलेले पाच देश स्वतःचं प्रकरण परिषदेतून जाण्यापासून रोखू शकतात. भारत १९९८ला रोममध्ये या न्यायालयाच्या करारावरच्या मतदानात तटस्थ राहिला, आजही सदस्य नाही, त्यामागे परिषदेच्या याच अधिकारांवरचा आक्षेपही होता.

खडूस_काका
तराजूचं सोडा. फिलिपिन्सचा माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते मार्च २०२५ला मनिलात धरला गेला. आरोप युद्धाचा नाही, ड्रग्जविरोधी मोहिमेतल्या हत्यांचा, पण कोर्ट पुतिन यांचं तेच. तेव्हा सत्तेवर असलेल्या मार्कोस आणि दुतेर्ते घराण्यांचं फाटलं नसतं तर तो आज घरी असता. क्रेमलिनमध्ये कुणाचं कुणाशी फाटणार आहे, ते रानवारा यांनी सांगावं.