मदत हवी आहे: वाजिमाची वाटी दुरुस्त कुठे होईल?

नमस्कार मंडळी. काही वर्षांपूर्वी जपानमधल्या कानाझावातल्या एका जुन्या दुकानातून आईसाठी वाजिमा-नुरीची (वाजिमा शहरातल्या पारंपरिक लॅकरकामाची) लाकडी वाटी आणली होती. दुकानातल्या आजींनी काठावरून बोट फिरवत समजावलं होतं: उरुशी झाडाच्या चिकाखाली कापड चिकटवलेलं असतं, वर खास मातीचे थर, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. आता काठाचा टवका उडालाय, ते कापड दिसतंय. आई रोज हळहळते.

१ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपात (वाजिमा त्याच नोतो भागात आहे) वाजिमातल्या कितीतरी कारागिरांची घरं, कारखाने गेले. त्यामुळे हे काम तिथल्याच हातांना मिळावं असं मनापासून वाटतं. टोकियोच्या आओयामा स्क्वेअर या पारंपरिक हस्तकलांच्या दुकानात दुरुस्तीसाठी वस्तू घेतात का? पुण्याहून कुणी अशी वाटी पाठवली आहे का? पॅकिंग आणि कस्टमचा अनुभव असेल तर प्लीज सांगा. घरी गोंद लावणार नाही, त्यावर उरुशी नीट धरणार नाही.