दहा मिनिटांच्या शॉर्टफिल्मऐवजी काय करून घ्यावं? (फिल्ममेकिंग, पदवीचे विद्यार्थी)

कट्ट्यावरचा_शिक्षक
२४ विद्यार्थी, १२ आठवडे, आठवड्याला एकदाच तीन तासांचा वर्ग. साहित्य: दोन कॅमेरे, एक साउंड रेकॉर्डर, बूमवर (लांब काठीवर) लावायचा एक माइक, बाकी मुलांचे मोबाइल. अभ्यासक्रम असा की आधी सहा आठवडे थिअरी आणि शेवटी दहा मिनिटांची फिल्म. या क्रमानं गेलं की दोन गोष्टी हमखास होतात: शॉट एकमेकांना जोडले जात नाहीत आणि संवाद धड ऐकू येत नाहीत. क्रम कसा बदलावा?

एडिटटेबल
दहा मिनिटांची फिल्म रद्दच करा. शेवटी तीन मिनिटं, दोन पात्रं, एक जागा, एवढं पुष्कळ झालं. त्याआधी दर आठवड्याला एक छोटं काम द्या आणि ते एडिट होऊन वर्गात पडद्यावर दिसलंच पाहिजे.

पहिलं काम: ५० सेकंदांचा एकच शॉट, कॅमेरा ट्रायपॉडवर, हलवायचा नाही. ल्युमिएर बंधूंच्या १८९५च्या फिल्म साधारण एवढ्याच लांबीच्या होत्या, कारण कॅमेऱ्यात सुमारे १७ मीटरच फिल्म मावायची. कोण कधी फ्रेममध्ये येतं, कधी जातं, एवढंच हातात उरलं की मुलं नेमकं बघायला लागतात.

दुसऱ्या आठवड्यात शूटिंग नको, एडिटिंग घ्या. एक माणूस दार उघडून आत येतो, खुर्चीवर बसतो, पत्र उघडतो. ही अख्खी क्रिया वाइड (लांबून), मिड (मधल्या अंतरावरून) आणि क्लोजमध्ये (जवळून) तुम्हीच आधी तीनदा शूट करून तेच फुटेज सगळ्यांना द्या. बसताना गुडघे वाकू लागले की वाइडमधून मिडवर कापलं तर कट जाणवत नाही. बसून स्थिर झाल्यावर कापलं तर खटकतो. हे एकदा हातानं करून पाहिलेली मुलं पुढे शूट करताना 'अॅक्शन'नंतर तीन-चार सेकंद थांबतात, 'कट' घाईनं म्हणत नाहीत आणि प्रत्येक साइजमध्ये क्रिया पुन्हा पहिल्यापासून करून घेतात. जोड न बसण्याचं कारण बहुतेक वेळा इथंच असतं.

१८० अंशांचा नियम (दोन पात्रांना जोडणाऱ्या रेघेच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवायचा) फळ्यावर शिकवू नका. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवा, एकीपासून दुसरीपर्यंत खडूची रेघ जमिनीवर ओढा. एकाचा क्लोज रेघेच्या अलीकडून, दुसऱ्याचा पलीकडून घ्या आणि लगेच जोडून दाखवा. दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात, जणू तिसऱ्याशीच बोलताहेत. थिअरी यानंतर सांगा, तेव्हा ती ऐकली जाते.

बूमवाला
आवाज तिसऱ्या आठवड्यातच आणा, शेवटी नको. कॅमेऱ्याजवळ सहा फुटांवर ठेवलेला माइक माणसापेक्षा खोलीच जास्त ऐकतो आणि आवाजात मुरलेला घुमारा एडिटमध्ये नीट निघत नाही. बूम फ्रेमच्या जेमतेम बाहेर, डोक्यापासून दीड-दोन फुटांवर, टोक छातीकडे. रेकॉर्डरचं सेटिंग ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. लेव्हल अशी ठेवा की मोठ्यात मोठा शब्द उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल. शून्याला लागलं की फाटलं.

पंखा बंद. एका शॉटमध्ये चालू आणि दुसऱ्यात बंद असेल तर प्रत्येक कटवर आवाज उडी मारतो. जागा सोडण्याआधी सगळ्यांना स्तब्ध उभं करून ३० सेकंद रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा त्या जागेचा आवाज, घ्या. टेकच्या सुरुवातीला फ्रेममध्ये टाळी, म्हणजे चित्र आणि आवाज नंतर जुळवता येतात. आणि हेडफोन घातलेल्या विद्यार्थ्याला 'पुन्हा घ्या' म्हणायचा अधिकार हवाच, नाहीतर तो नुसता उभा राहतो.

रेकॉर्डर एकच आहे, तर बाकीच्या गटांनी दुसरा मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून नटाच्या वरच्या खिशात ठेवावा, माइकची बाजू वर. कापड घासलं तर खरखर येते, ती तिथल्या तिथे ऐकून बघा.

फोकसपुलर
मोबाइलबद्दल दोन गोष्टी. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करायला लावा, नाहीतर माणूस खिडकीसमोरून गेला की अख्खा शॉट उजळतो-काळवंडतो. दुसरं, बरेच मोबाइल फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) स्थिर ठेवत नाहीत. मग वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज सुरुवातीला जुळतो आणि पुढे ओठांपासून सरकत जातो. एडिटला घेण्याआधी क्लिप स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घ्या. कार्डावरचं फुटेज दोन ठिकाणी कॉपी होऊन उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

गट चौघांचे, म्हणजे सहा. दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज, एडिट. दर आठवड्याला कामं बदलायची.

कट्ट्यावरचा_शिक्षक
आभार. गुणांचं काय? गटाला गुण दिले की एक-दोघं काहीच न करता पास होतात.

एडिटटेबल
शूटिंगचे गुण गटाला, एडिटचे प्रत्येकाला स्वतंत्र. गटाचं फुटेज एकच, पण तीन मिनिटांचा कट प्रत्येकानं आपला आपण करायचा. २४ कट म्हणजे ७२ मिनिटं, एका वर्गात बघून होतात. एकाच गटाचे चार कट लागोपाठ लावा. कोणी रशेस (शूट केलेलं कच्चं फुटेज) नीट बघितलेच नाहीत ते लगेच कळतं.