कर्लिंगचं वर्ल्ड रँकिंग देशाचं काहून? टीमचं पाहिजे ना!

बर्डीवाला
बरेच दिवसाचं डोक्यात आहे ते आज लिहून टाकतो. मी कर्लिंग पाहायला लागलो २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकपासून, बायकांची फायनल रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास होती, ब्रिटनने जपानला १०-३ हरवलं, तेव्हापासून जी सवय लागली ती सुटली नाही. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी बर्फावरचा कॅरम समजा, फक्त सोंगटीच्या जागी १७ ते २० किलोचा ग्रॅनाइटचा दगड, चार जणांची टीम, एका एंडमध्ये (म्हणजे एका डावात) दोन्हीकडचे आठ-आठ दगड, आणि वर्तुळाच्या मध्याच्या सगळ्यात जवळ ज्याचा दगड त्यालेच पॉइंट.

आता मुद्दा. वर्ल्ड कर्लिंगची (खेळाच्या जागतिक संघटनेची) जी देशांची रँकिंग आहे ती वर्ल्ड चॅम्पियनशिप, ऑलिम्पिक, युरोपियन आणि पॅन कॉन्टिनेंटल (युरोपबाहेरच्या देशांची) असल्या स्पर्धांच्या निकालावरून बनते, एकाच वर्षाचं नाही तर मागच्या अनेक सीझनचं धरतात, नवीन निकालाचं वजन जास्त आणि जुन्याचं कमी कमी होत जातं. ऐकायला बरोबर वाटते. पण कर्लिंगमध्ये "देश" म्हणजे नेमकं कोण? क्रिकेटसारखं निवड समितीने पंधरा जण उचलले असं कॅनडात होत नाही. तिथं पुरुषांची ब्रायर आणि बायकांची स्कॉटीज अशी नॅशनल होते, जी टीम जिंकेल ती पूर्ण टीम वर्ल्डला कॅनडा म्हणून जाते, पुढच्या वर्षी दुसरी. म्हणजे एकाने कमवायचं आणि रँकिंगच्या उशीवर दुसऱ्याने झोपायचं.

२०१७ मध्ये कॅनडा पुरुषांत वर्ल्ड चॅम्पियन (गुशूची टीम) आणि बायकांतही (होमनची टीम, एकही मॅच न हारता). पुढच्याच वर्षी प्योंगचांग ऑलिम्पिकला पुरुषांत कॅनडाकडून गेला कोई, चौथा आला. होमन स्वतः गेली तर प्लेऑफमध्येच नाही पोचली. गोल्ड कोणाला, अमेरिकेच्या शूस्टरला, जो एका टप्प्यावर २ जिंकून ४ हरलेला होता. मग त्या यादीचा उपयोग काय झाला? माझं स्पष्ट म्हणणं आहे की रँकिंग टीमचीच पाहिजे, देशाची बंद करा.

महालकर_काकू
बर्डीवाले भाऊ, तुमचं पाहणं खोल आहे हे मान्य पण निष्कर्ष मला पटला नाही. रँकिंग म्हणजे भविष्य सांगणं नव्हे हो. २०२३ च्या वर्ल्ड कपला आपली टीम वनडेत एक नंबर होती, सलग दहा मॅच जिंकून फायनलला आली आणि अहमदाबादला ऑस्ट्रेलियाने हरवलं. म्हणून कोणी आयसीसीची यादी फाडून टाका म्हटलं का? एका दिवसाचा निकाल आणि चार वर्षांचा हिशोब या वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि देशाचं म्हणाल तर आपल्या शूटिंगचं बघा. ऑलिम्पिकचा कोटा एक नेमबाज मिळवतो पण तो कोटा देशाचा असतो, ट्रायलमध्ये दुसरा कोणी पुढे आला तर तो जातो. आपण हे स्वीकारलंय ना. मग कर्लिंगमध्ये काय वाईट आहे.

बर्डीवाला
काकू, शूटिंगचं उदाहरण दिलं तर तेच माझ्या बाजूनं आहे, कारण ज्याने कोटा आणला आणि ज्याला घरी बसावं लागलं त्याला विचारा काय वाटते ते. कर्लिंगमध्ये अगदी तेच झालं आहे. २०२१ मध्ये कॅल्गरीला कोविडच्या बंद बबलमध्ये बायकांची वर्ल्ड झाली, आयनरसनची टीम कॅनडाकडून खेळत होती, पहिल्या सहा मॅचपैकी पाच हरली, आणि तिथून ओढत ओढत पहिल्या सहात आली आणि कॅनडाला बीजिंगचं तिकीट मिळवून दिलं. बीजिंगला गेली कोण? जेनिफर जोन्स. पुरुषांतही तेच, बॉचरने जागा मिळवली आणि गुशू गेला. आता जोन्स आणि गुशू कॅनडाच्या ऑलिम्पिक ट्रायल्स जिंकून आले, त्यांचा काही दोष नाही, मोठे खेळाडू आहेत, पण मग आयनरसनचा तो आठवडा कोणाच्या खात्यात गेला सांगा.

गणित_मास्तर
इथं दोन गोष्टींची गल्लत होऊन राहिली बे. ऑलिम्पिकची जागा आणि वर्ल्ड रँकिंग हे एक नाही. २०२६ साठी २०२४ आणि २०२५ या दोनच वर्ल्डचे पॉइंट धरले, त्यातून सात देश, यजमान इटली, आणि उरलेल्या दोन जागांसाठी डिसेंबर २०२५ मध्ये कॅनडातल्या केलोनाला वेगळी स्पर्धा. जुनी पुण्याई तिथं कामी येत नाही. बर्डीवाला ज्या फायनलचं सांगतो त्यातल्या जपानच्या बायकांची सिल्व्हर होती ना, तरी जपानला २०२६ साठी केलोनातून यावं लागलं. म्हणून "रँकिंगच्या उशीवर झोपायचं" हे वाक्य मागे घे.

पण रँकिंगवर माझा आक्षेप वेगळाच आहे. तू कितव्या नंबरवर आला त्यावर पॉइंट, कोणाला हरवून आला त्यावर नाही. आपल्याच नागपूरची दिव्या देशमुख पहा, २०२५ मध्ये बाटुमीला बुद्धिबळाचा विमेन्स वर्ल्ड कप जिंकली, तिच्यापेक्षा वरच्या रेटिंगवाल्यांना हरवलं की रेटिंग जास्त वाढते, खालच्याला हरवून थोडंसंच. याला एलो म्हणतात. फुटबॉलवाल्यांनीही २०१८ पासून देशांच्या रँकिंगला हीच पद्धत घेतली. कर्लिंगमध्ये काहून नाही? देश का टीम हा वाद नंतर, आधी मोजमाप तर नीट करा.

जामठा_एंड
मास्तर, एलोला मॅचेस लागतात ना भाऊ. दिव्या वर्षभर किती डाव खेळते, आणि कर्लिंगमध्ये देश म्हणून टीम उतरते किती वेळा? युरोपवाले युरोपियनला, बाकीचे पॅन कॉन्टिनेंटलला, नंतर वर्ल्ड, तिथं १३ देश आणि राउंड रॉबिनमध्ये प्रत्येकाच्या १२ मॅच, चार वर्षांनी ऑलिम्पिक, बस. जो देश युरोपच्या खालच्या डिव्हिजनमध्ये आहे तो कोरियाशी पाच वर्षांत एकदाही खेळत नसेल तर त्यांच्या रेटिंगची तुलना करायची कशी? आकडा येईल, दोन दशांश स्थळांपर्यंत येईल, पण त्यात अर्थ नसेल. २०२० ची वर्ल्ड कोविडमुळे झालीच नाही, २०२२ मध्ये रशियाला बाहेर काढलं, असल्या वेळी साध्या पॉइंटची बेरीज निदान समजते तरी.

आणि बर्डीवाला, तुले जी टीमची रँकिंग पाहिजे ती आहेच की! टीमच्या स्किपच्या (कॅप्टनच्या) नावानं वेगळी यादी निघते, वर्षभराच्या टूरचे निकाल धरून, आणि स्पर्धेत किती भारी टीम उतरल्या त्यावरून त्या स्पर्धेचे पॉइंट वाढतात-कमी होतात. मास्तरला पाहिजे ते पण त्यातच आहे. मग देशाची बंद काहून करायची, दोन्ही राहू द्या.

गणित_मास्तर
मॅचेस कमी हा मुद्दा बरोबर आहे, मी त्याचा विचार नव्हता केला. पण कमी मॅच असल्या तर रेटिंग हळूहळू बदलू द्यायचं, ते करता येते. एकमेकांशी कधीच न खेळणारे गट हा मात्र खरा प्रॉब्लेम आहे, त्याला माझ्याकडे आत्ता उत्तर नाही.

बर्डीवाला
उशीवालं वाक्य मागे घेतो मास्तर, ऑलिम्पिकपुरतं. पण जामठा, दोन याद्या आहेत हे मला माहीत आहे, तक्रार ही आहे की टीव्हीवर आणि बातम्यांत सांगतात देशवाली, आणि नवीन माणूस तीच धरून बसतो. त्यात स्कॉटलंडचा घोळ पहा. वर्ल्डला स्कॉटलंड, इंग्लंड, वेल्स वेगवेगळे, ऑलिम्पिकला सगळे मिळून ब्रिटन, आणि ब्रिटनची जागा येते स्कॉटलंडच्या निकालावरून. म्हणजे रँकिंगमध्ये जो देश शोधून राहिलो तो यादीतच नाही!

महालकर_काकू
स्कॉटलंडचं काय घोळ आहे त्यात, खेळ तिथलाच, दगडाचा ग्रॅनाइटसुद्धा तिथल्या एल्सा क्रेग बेटावरून येतो, त्यांनी आपल्या नावानं खेळू नये का? उलट मला ते आवडतं.

मला देशाची यादी हवी आहे ती वेगळ्या कारणानं. टूरची रँकिंग कोणाची असते? ज्यांच्याकडे पैसा आहे, जे दर आठवड्याला कॅनडा-युरोपात विमानानं जाऊन खेळू शकतात त्यांची. ज्या देशात कर्लिंगची एक बर्फाची शीट (खेळायची पट्टी) नाही त्यांची टीम वर्षातून एकदा एका स्पर्धेला जाते, तिथं दोन मॅच जिंकते, आणि देशाच्या यादीत त्यांचं नाव येतं. भारतसुद्धा वर्ल्ड कर्लिंगचा सदस्य आहे. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री असते, नागपुरात बसून तो खेळ पाहणाऱ्या माझ्यासारखीला आपल्या देशाचं नाव कुठेतरी खाली का होईना पण दिसतं याचा आनंद होतो. फक्त टीमची यादी ठेवली तर आपण त्यात दिसणार कधी?

तर्री_प्रेमी
काकूंना पूर्ण पाठिंबा. फक्त एक सांगतो, देशाची यादी नवीन लोकांवर अन्यायही करते. फिलिपिन्स पहा ना, फेब्रुवारी २०२५ ला हार्बिनच्या एशियन विंटर गेम्समध्ये पुरुषांच्या फायनलमध्ये दक्षिण कोरियाला ५-३ हरवून गोल्ड नेलं. त्यांच्यातले काही पोट्टे आधी स्वित्झर्लंडकडून खेळलेले, कच्चे नव्हतेच, पण देश म्हणून मागचे सीझन रिकामे, तर बेरजेत येणार कुठून? कोरियाचे वर्षानुवर्षांचे पॉइंट एकीकडे आणि यांचा कोरा कागद दुसरीकडे.

बर्डीवाला
हेच! हेच सांगून राहिलो मी पहिल्यापासून, टीम मोजा.

जामठा_एंड
अरे पण तर्रीभाऊ म्हणतात ती टीम टूरच्या यादीत तरी कुठं वर होती? त्यांची ताकद त्या एका आठवड्यात दिसली, कोणत्याच यादीत आधी नाही दिसली.

महालकर_काकू
आणि ते जिंकले तेव्हा बातमी काय आली, "फिलिपिन्सला पहिलं गोल्ड". स्किपच्या नावानं नाही आली. बर्डीवाले भाऊ, तुम्ही स्वतः पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय "ब्रिटनने जपानला हरवलं", मुइरहेडने फुजिसावाला हरवलं असं नाही लिहिलं.

बर्डीवाला
काकू... हाव, तसंच लिहिलं मी. यावर विचार करतो. आयनरसनचं उत्तर मात्र अजून कोणी दिलं नाही.