गाडी मागे सोडून रानात मुक्काम: शिकारीच्या मोसमातले अनुभव सांगा

डेन्व्हरहून, धागाकर्ती:

मंडळी, १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर भारतात शिकार हा आजोबांच्या गोष्टींतला विषय उरला. इकडे आल्यावर तो शेजाऱ्यांच्या फ्रीझरमधला विषय निघाला. नवरा काही वर्षं ऑफिसातल्या दोघांबरोबर एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, मागावर जातो, गेले दोन मोसम मीही जातेय. माझ्याकडे रायफल नाही, टॅग म्हणजे शिकारीचा परवानाही नाही. मी तळ सांभाळते. सगळे कौतुकाने 'कॅम्प मॅनेजर' म्हणतात, म्हणजे भांडी माझ्याकडे.

शिकार करावी की नाही यावर इथे भांडू नका, त्याला वेगळा धागा काढा. मला ऐकायचंय ते रात्रींबद्दल. नळ नाही, संडास नाही, रेंज नाही आणि गाडी चार-पाच मैल मागे. तिथे राहिलात कसे?

सुरुवात मीच करते. ऑक्टोबरअखेर, दहा हजार फुटांच्या आसपास. पहिल्या वर्षी हौसेने तांदूळ आणि तूरडाळ नेली. त्या उंचीवर पाणी ९० अंशांनाच उकळतं हे शाळेत पाठ केलं होतं, पण पाऊण तास रटरटलेली डाळ दाताखाली कचकन लागली तेव्हा ते डोक्यात शिरलं. गॅस अर्धा संपला होता. तिघा पुरुषांनी मुकाट्याने डाळीचं पाणी प्यायलं, हे त्यांचं मोठेपण. आता भाजलेलं बेसन, पोहे आणि मेतकूट एवढंच नेते. पिठलं कुठल्याही उंचीवर होतं.

दुसरा फटका पाण्याच्या फिल्टरचा. त्याच्या आतल्या बारीक नळ्यांत पाणी गोठलं की त्या तडकतात आणि बाहेरून काही कळत नाही. तेव्हापासून फिल्टर, गॅसचा डबा, उद्याचे मोजे, फोन, सगळं माझ्या स्लीपिंग बॅगेत. नवरा म्हणतो, "मला जागा ठेवलीस का?" पाण्याची बाटली मात्र बाहेर, पण उलटी. बर्फ वरून धरतो, म्हणजे तो बुडाशी जमतो आणि सकाळी झाकण फिरतं.

अँकरेजहून:

ताई, बाटलीची युक्ती झकास. आमच्याकडे अलास्कात मूस आणि कॅरिबू, दोन्ही मोठ्या हरणांच्या जाती. छोटं विमान नदीकाठच्या वाळूवर उतरवून निघून जातं, आणि त्याचा आवाज विरल्यावर जी शांतता येते ती पहिल्यांदा जरा अंगावर येते. उतरलात त्या दिवशी बंदूक उचलायची नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे ३ नंतर. विमानातून जनावर हेरून लगेच मारू नये म्हणून हा नियम. त्यामुळे पहिली संध्याकाळ पूर्ण तंबूची. माझ्या मते तीच सगळ्यात चांगली.

अस्वलं आहेत, त्यामुळे झोपायची जागा एकीकडे, स्वयंपाक दुसरीकडे, मांस तिसरीकडे, आणि मांस असं टांगायचं की तंबूतून डोकं काढलं की दिसेल. तंबूभोवती बॅटरीवर चालणारं विजेचं कुंपण. त्याची तार मध्यरात्री लघवीला उठलेल्या माझ्याच पोटरीला लागली. अस्वलाला काय वाटत असेल ते आता मला नेमकं माहीत आहे.

खाण्याजोगं सगळं मांस बाहेर आणणं कायद्याने सक्तीचं. मूसची शिंगं मांसाआधी हलवायची नाहीत. खांद्यावर शिंगं घेऊन निघालेला माणूस दिसला की समजायचं, याची शेवटची फेरी.

सध्या पुण्यात, मूळ कोकणातला:

वाचतोय. माझ्याकडे फक्त ऐकीव आहे. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, नाचणीत रानडुकरं शिरायची. कायद्याच्या आधीचा काळ. चार बांबूंवर माळा, वर पेंढा, पेंढ्यावर घोंगडी. दोघं असले की एकाच्या पायाच्या अंगठ्याला सुंभ बांधून दुसरं टोक दुसऱ्याच्या हातात. चाहूल लागली की ओढायचं, बोलायचं नाही. विडी बंद, कारण डुकराचं नाक. आजी सांगायची, बहुतेक सकाळी दोघंही झोपलेले आणि नाचणी साफ.

एक सभासद:

इतक्या सुंदर जंगलात जाऊन मारायचंच कशाला? नुसतं राहता येत नाही का?

ख्राइस्टचर्चहून:

तुमचा प्रश्न मीही विचारायचो. न्यूझीलंडमध्ये उत्तर जरा विचित्र आहे. वटवाघळं सोडली तर इथल्या जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. हरणं माणसांनी आणली. आणि ताहर नावाचा रानबोकड तर आपल्या हिमालयातला! १९०४ साली आओराकी, म्हणजे माउंट कुकच्या परिसरात सोडला. आता तो डोंगरउतारावरची झुडपं आणि गवत खाऊन संपवतो, म्हणून सरकारच शिकारीचा परवाना फुकट देतं. हिमालयात संरक्षण, इथे उपद्रवी. पहिल्यांदा दुर्बिणीतून तो आयाळवाला नर पाहिला तेव्हा गाववाला भेटल्यासारखं वाटलं, आणि त्या दिवशी मी काही मारलं नाही. मित्र चिडला.

मुक्कामाचं म्हणाल तर इथला शत्रू थंडी नाही, पाऊस. पश्चिमेकडच्या दऱ्यांत एका रात्रीत नदी अशी फुगते की काल गुडघाभर पाण्यातून आलेला माणूस आज पलीकडे बघत बसतो. आम्ही दोन दिवस बसलो. एक टार्प म्हणजे ताडपत्री, दोन माणसं, सँडफ्लाय नावाच्या अगणित चावऱ्या माश्या आणि पत्त्यांचा जोड, त्यात इस्पिकचा गुलाम नव्हता. खाणं शेवटी गूळ आणि शेंगदाण्यांवर आलं. मित्राने उतरून बघू म्हणून तीनदा बूट बांधले, मी तीनदा सोडायला लावले. पाणी उतरेपर्यंत थांबायचं, एवढीच खरी अक्कल. म्हणून दोन दिवसांचं जादा खाणं असतंच असतं.

अवांतर: किया नावाचा पोपट आहे. त्याला रबर आवडतं. बूट तंबूबाहेर ठेवू नका.

नागपूरहून:

शिकार नाही, पण बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या प्राणीगणनेसाठी मचाणावर रात्र काढली आहे. सकाळपर्यंत खाली उतरायचं नाही असं बजावलं होतं. मी संध्याकाळी दोन लिटर ताक पिऊन चढले होते. जास्त लिहीत नाही.

धागाकर्ती:

नागपूरकर, हसून पुरेवाट! अँकरेजचे दादा, मांसाबद्दल लिहिलंत म्हणून माझीही भर.

यंदा नवऱ्याच्या मित्राला एल्कचा नर मिळाला, सूर्य मावळायच्या बेतात. आमच्या कोलोरॅडोत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने शिकार बंद, पण खरं काम तेव्हा सुरू झालं. डोक्यावर दिव्यांचे पट्टे बांधून तिघं सोलत होते, मी पाय धरून. कातडं निघताना त्या थंडीत वाफा येत होत्या आणि माझ्या बधिर बोटांना तेवढीच ऊब. लाज वाटली, पण हात काढले नाहीत. हाडं काढूनही मांस शंभर किलोच्या घरात. सुती पिशव्यांत भरून झाडाच्या सावलीच्या बाजूला टांगलं, म्हणजे सकाळचं ऊन लागणार नाही.

सकाळी टकटक आवाजाने जाग आली. करड्या रंगाचा एक पक्षी, इथले लोक त्याला 'कॅम्प रॉबर' म्हणतात, पिशवीला लटकून भोकातून चरबीचे तुकडे ओढत होता. मी भांडं वाजवलं. तो पलीकडच्या फांदीवर गेला, मी पाठ फिरवली की परत. गाडीपर्यंत तिघांच्या दोन दोन फेऱ्या झाल्या, पूर्ण दिवस गेला. तेवढा वेळ तळावर मी आणि तो. दुपारी पोहे केले तेव्हा थोडे त्यालाही टाकले. रानातल्या पक्ष्यांना खायला घालू नये, माहीत आहे, ओरडू नका. त्याने पोहे हुंगल्यासारखं केलं आणि पुन्हा पिशवीवर जाऊन बसला.