रानटी म्हणजे क्रूर? कुणी ठरवलं?

तिरफळ: परवा इथे एकांनी ठणकावलं, 'रानटी म्हणजेच क्रूर, वाद नको.' मला वाद हवाय. रान आलं अरण्यावरून. गडचिरोलीत 2021 साली छत्तीसगडातून आलेल्या कळपाला बातम्यांत 'रानटी हत्ती' म्हणतात, म्हणजे न माणसाळलेले, बस. आणि 'रानटी मारहाण' होते कुठे, तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये! रानमेव्यात क्रूर काय? करवंद?

ठेचाभाकर: रानमेव्यात 'रान' आहे, 'रानटी' नाही. 'टी' लागला की वास बदलतो. 'रानटी मेवा' अशी पाटी लावून विकून दाखवा.

तिरफळ: मग हत्तीला 'टी' का लागला?

ठेचाभाकर: ज्याचं धान तुडवलं जातं त्याला विचारा. करवंदं खात बसून कळायचं नाही.

उंबरठा: खुद्द 'क्रूर' बघा की. संस्कृतात क्रविस् म्हणजे कच्चं मांस, क्रव्याद म्हणजे ते खाणारा. त्याच कुळातला शब्द. पण पत्रिकेत सूर्यही क्रूर ग्रह. त्याने कुणाचं मांस खाल्लं?

मधली_सून: मला 'गावठी'वर बोलायचंय. सासरी पहिल्याच जेवणाला गावठी कोंबडी, केवढं कौतुक. रात्री नणंदबाई म्हणाल्या, 'वहिनीचं बोलणं जरा गावठीच.' कोंबडीला मान, सुनेला टोमणा.

ठेचाभाकर: आमच्याकडे गावरान म्हणतात. गावठी हे तुम्हा पुण्या-मुंबईवाल्यांचं.

मधली_सून: मी कुडाळची आहे. उगाच शहरात ढकलू नका.

जुनी_खाकी: गावठी कट्टा, गावठी दारू. पंचनाम्यात गावरान कट्टा कधी लिहिला नाही. चांगलं ते गावरान, वाईट ते गावठी.

मधली_सून: म्हणजे माझी कोंबडी आरोपी! अहो, पंचनामे लिहून भाषा ठरते होय?

उंबरठा: मूळ विषय काय होता?

मोहफूल: रानटी. वसतिगृहात गुरुजी आम्हाला म्हणायचे, 'रानटी कुठले, रांगेत उभं राहता येत नाही.' छडीने वळ उठेपर्यंत मारायचे तेच. सुट्टीत घरी रानात गेलो की कुणी हात उगारत नसे. उत्पत्ती तुम्ही बघा.

ठेचाभाकर: बरं, माणसाला म्हणू नये, मान्य. हत्तीला मी म्हणणार.

तिरफळ: कळप आपला आभारी आहे.

मधली_सून: आणि गावठी?