मदत हवी आहे: भाड्याच्या घरात वीजबचत, मालक खर्चाला तयार नाहीत

रानजाई
पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट. बिल ३३० युनिटच्या आसपास येतंय. जुने पंखे आणि गीझर बदला म्हटलं तर मालक म्हणतात, "बिल तुम्ही भरता, मी का खर्च करू?" त्यांना पटवायचं कसं? की मीच बदलू? करार पुढच्या आठवड्यात नवा होतोय, लवकर सांगा.

जुना खटका
मजला कितवा? एसी आहे का? पंखे किती, किती तास? गीझर किती लिटरचा? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

सौरमित्र
सोलर बसवा. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० अनुदान आहे.

जुना खटका
@सौरमित्र, गच्ची सोसायटीची, वीजजोडणी मालकाच्या नावावर. भाडेकरू सोलर कुठे बसवणार? त्यांनी पंख्यांचं विचारलंय.

रानजाई
शेवटचा मजला, एसी नाही. तीन पंखे रोज १४ तास तरी चालतात. गीझर २५ लिटरचा.

हिशेबी
साधा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) ३० धरा. ४५ वॅट × १४ तास × ३० दिवस म्हणजे महिन्याला १९ युनिट, तिघांचे ५७. महावितरणचे दराचे टप्पे १००, ३००, ५०० युनिट असे आहेत आणि बचत सगळ्यात वरच्या टप्प्यातून सुटते. तुमचे पहिले ३० युनिट ३०० च्या वरच्या महाग दराचे वाचतील, म्हणून सरासरी दर लावू नका.
मालकांना असं विचारा: पंखे त्यांनी घ्यायचे (३,००० चा एक, एकूण ९,०००), तुम्ही भाड्यात ३६ महिने २५० वाढवून द्यायचे. पंखे त्यांचेच राहतात. वर्षभरात घर सोडणार असाल तर मात्र स्वतः घ्या आणि जाताना घेऊन जा.

तारजोड
स्वतः घेतलेत तर जुना पंखा पाती, दांडा, वाटीसकट एकत्र बांधून ठेवा. पाती तोललेला संच असतो, दुसऱ्या पंख्याची लावली की पंखा डुलतो. बीएलडीसीच्या वाटेत जुना रेग्युलेटर ठेवू नका. पंखा गुणगुणतो, मधेच बंद पडतो, आतलं सर्किट जळतं. इलेक्ट्रिशियनकडून रेग्युलेटर काढून थेट जोडून घ्या. बोर्डाचा आधी फोटो काढा, सोडताना पूर्ववत करायला लागतो.

उन्हाची झळ
शेवटचा मजला असेल तर खरं दुखणं स्लॅबचं. रात्री अकरापर्यंत तो गरमच असतो, पंखा तीच हवा खाली ढकलतो. सोसायटीची लेखी परवानगी काढून फेब्रुवारीत गच्चीवर उष्णतारोधक पांढऱ्या रंगाचे दोन हात मारून घ्या. आधी शेवाळ घासून काढा, भेगा भरा, स्लॅब पूर्ण वाळू द्या. ओलसर स्लॅबवर रंगाचे पापुद्रे निघतात.

बादलीभर
गीझर काढून ३ किलोवॅटचा इन्स्टंट (लगेच पाणी तापवणारा) लावा.

तारजोड
नको! ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर. जुन्या बाथरूमला ६ अँपिअरचा सॉकेट असेल तर तो वितळेल. आहे त्याच गीझरचा थर्मोस्टॅट (पाणी किती तापवायचं ते ठरवणारं बटण) ५० अंशांवर आणा, बोअरचं पाणी असेल तर पाणी तापवणाऱ्या एलिमेंटवरचे क्षार साफ करून घ्या.

रानजाई
थर्मोस्टॅट ७५ वर होता! पंखे मीच घेते. करारात काय लिहू?

हिशेबी
"परवानाधारकाने स्वखर्चाने बसवलेले ३ पंखे त्याच्याच मालकीचे राहतील. जागा सोडताना तो मूळ पंखे व रेग्युलेटर चालू स्थितीत परत बसवून देईल. या कारणास्तव अनामत रकमेतून कपात होणार नाही." परवानाधारक म्हणजे तुम्ही, भाडेकरू. पंख्यांची कंपनी आणि मॉडेल नंबर परिशिष्टात टाका. नोंदणीच्या आधी मसुद्यात घाला, नंतर बदल करायचा तर पुन्हा खर्च.